कोंब

कोंब आलेला कांदा वेगळा काढायचा, हे मी सातव्या वर्षी शिकले. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. चाळीच्या तोंडाशी गोणपाट अंथरून आई, चुलती, मजुरीला आलेल्या दोन बाया आणि आम्ही पोरं बसायचो. कांदा उचलायचा, अंगठ्याने मान दाबून बघायची, बुडाकडून एकदा फिरवायचा आणि तीनपैकी एका ढिगात टाकायचा. चांगला, गोल्टी, खाद. आकाराने बारका तो गोल्टी. बुडाला ओल असली, पापुद्र्याखाली काजळी धरली असली किंवा मानेतून हिरवं टोक डोकावत असलं, तर खाद. हात असा बसला होता की गप्पा मारताना नजर खाली न नेताही कांदा बरोबर त्याच्या ढिगात पडायचा. खादीचा ढीग फुगायला लागला की आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोलणं कमी व्हायचं.

डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघायचा. निम्म्याहून जास्त माना पडल्या की उपटायचा, पातीखाली झाकून तीन-चार दिवस वावरातच सुकवायचा, मग मानेला बोटभर देठ ठेवून खांडायचा. अगदी जवळून कापला तर तिथूनच सड शिरते. पुन्हा सावलीत आठ-दहा दिवस ठेवून मग चाळीत भरायचा. आमची चाळ जमिनीपासून दोन फूट उंच, खालून-बाजूंनी वारा खेळेल अशी, बांबूच्या कामट्यांची. तिथून पुढे चार-पाच महिने आण्णांचा जीव चाळीत. पावसाळ्याचे महिने सडीचे, आणि नवरात्र उलटून रात्री गार व्हायला लागल्या की कोंबांचे. आमच्याकडची थंडी प्रसिद्धच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकतो. काढणीनंतर काही महिने कांदा झोपेत असतो, त्याला सुप्तावस्था म्हणतात. ती सरली आणि हवा गार झाली की आतला अंकुर हलतो. आण्णा म्हणायचे, "कांदा जागा झाला."

जागा झालेला कांदा बाजारात चालत नाही. ट्रॉलीत वरच्या थरात दोन-चार हिरवी टोकं दिसली तरी सगळ्या मालाचा भाव उतरतो. घरी म्हशीला घालावा, तर तोही बेतानेच. जास्त कांदा जनावराच्या रक्ताला बाधतो. मग उकिरडा. दिवाळीच्या आसपास आमच्या उकिरड्यावर हिरवंगार रान माजलेलं असायचं. कांद्यांनी खतात मुळं सोडून वीत-वीतभर पात वर काढलेली. आई जाता-येता मूठभर खुडून आणायची आणि पीठ पेरून भाजी करायची. आण्णांच्या ताटात मात्र ती भाजी वाढायची नाही. त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं, तिनेच ते ठरवलं होतं.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. २००२ मध्ये लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आण्णा मुद्दाम बघून आले होते. कांद्याला ठरावीक मात्रेत, ६० ते ९० ग्रे, गॅमा किरण दिले की त्याला कोंब येत नाही. फोनवर ते लहान मुलासारखे सांगत होते, "आतला कोंब आतच मरतो. कांदा तसाच्या तसा." पुढे असा कांदा कापून बघितल्याचंही त्यांनी सांगितलं. मधोमध, जिथून पात निघते तिथे, तांबूस डाग होता म्हणाले. त्यांच्या आवाजात मोठा आनंद होता, आणि तो मला पूर्ण पटला होता. चार महिने चाळ राखणाऱ्या माणसाला याहून मोठी बातमी कुठली? सड थांबत नाही, वजन घटायचं ते घटतंच, पण तीन शत्रूंपैकी एक तरी गेला.

मी डबे करते. सकाळी ३४, संध्याकाळी थोडे कमी. बँकेत, दवाखान्यात, दुकानांत काम करणारी, एकटी राहणारी मुलं-मुली आणि पाच-सहा वयस्कर जोडपी. दोन पोळ्या किंवा भाकरी, एक सुकी भाजी, आमटी, भात. या कामात कांदा हा पाया. आठवड्याला दहा-बारा किलो सहज लागतो. त्यामुळे मी कल्याणच्या बाजार समितीतून गोणी आणते, पन्नास किलोची, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत जाळीच्या खोक्यांत पसरून ठेवते. दर रविवारी ती निवडते. तेच तीन ढीग. इतकी वर्षं कोंबाचा कांदा मी सरळ ओल्या कचऱ्यात टाकत होते. कापून कोंब काढून उरलेला वापरता येतो, हे मला ठाऊक होतं, पण हात ऐकायचा नाही.

ते बदललं २०१९ च्या हिवाळ्यात. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, आमच्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकून आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. किलोला दीड रुपयाही पडला नव्हता. आणि त्यानंतर जेमतेम वर्षभरात, डिसेंबर २०१९ मध्ये, मी डोंबिवलीत किलोला शंभराहून जास्त मोजत होते. सप्टेंबरअखेरीस निर्यात बंद झाली होती, पण गावाकडे चाळी तळाला गेल्या होत्या आणि अवकाळी पावसाने खरिपाचा लाल कांदा वावरातच सडवला होता. म्हणजे भाव होता तेव्हा आण्णांकडे माल नव्हता. त्यांना फोन करताना मी कांद्याचा विषय काढत नसे. डब्याचा दर वाढवता येत नव्हता. पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि डब्याचे पैसे तेव्हाच मिळतात, मध्येच वाढवून कोण देणार? त्या रविवारी निवडताना सोळा कांदे कोंबाचे निघाले. हातात धरून बसले. शंभर रुपये किलो. टाकवेनात.

पहिल्यांदा केलं ते चुकलंच. स्टीलच्या पेल्यांत पाणी भरून कांदे निम्मे बुडवून ठेवले. तिसऱ्या दिवशी मुळं आली, पांढरीशुभ्र, आणि मला फार बरं वाटलं. सहाव्या दिवशी पाणी गढूळ, आठव्या दिवशी स्वयंपाकघरात सडक्या चाळीचा वास. तो वास मी जन्मभर ओळखते. डोळे मिटले असते तर भाद्रपदातली आमची चाळच समोर आली असती. सोळापैकी अकरा गेले.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्या चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, आमच्याकडे कांद्याचे इतके प्रकार होतात की घरभर दुसरा वास राहत नाही, आणि मग चार महिने त्यांच्यापुरतं सगळं बंद. चातुर्मास कार्तिकीला संपतो, पण आमच्याकडे वांगं आणि कांदा चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य दाखवल्यावरच त्यांच्या ताटात येतात. ते पेले बघून त्या म्हणाल्या, "पाणी मुळाला हवंय, अंगाला नको. अंगाला पाणी लागलं की कुजणारच ना गं?" इतकी साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. वावरात कांद्याचं बूड तेवढं मातीत असतं, कांदा वरच बसतो, हे बघत मी मोठी झाले होते.

त्यांनीच श्रीखंडाचे रिकामे डबे काढून दिले. अर्ध्या किलोचा डबा, झाकणाला मधोमध रुपयापेक्षा मोठं भोक, त्यात कांदा बसवायचा. बूड भोकाखाली जेमतेम डोकावतं, पाणी त्याच्या खाली अर्धा बोट. मुळं फुटली की ती स्वतःच पाण्यापर्यंत उतरतात. मुळं लांबतात तशी पाण्याची पातळी खाली आणायची. पाणी एक दिवसाआड बदलायचं. यात आणखी एक फायदा झाला, जो मला नंतर कळला. पावसाळ्यात महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या बाया घरोघरी येऊन साठवलेलं पाणी तपासतात, डासांच्या अळ्या आहेत का बघतात. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, सगळं. झाकण असलेल्या डब्यात डास अंडी घालत नाही, आणि पाणी दर दोन दिवसांनी बदललं तर अळी वाढायला वेळच मिळत नाही. त्यांनी माझे डबे उचलून बघितले आणि एकीने कसं केलंय ते विचारून घेतलं.

"तुम्ही खात नाही आणि हात लावता?" असं माझ्या मुलीने एकदा आजीला विचारलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "खायचा नाही असं आहे. जगवायचा नाही असं कुठं आहे?" श्रावणात, भाद्रपदात, रोज सकाळी पूजा झाली की त्या खिडकीशी जाऊन डब्यांचं पाणी बघतात. पूजेचा तांब्या वेगळा, हा वेगळा, एवढंच त्या पाळतात.

आता थोडं नेमकं सांगते, कारण मला हे सगळं चुकत-चुकत कळलं आणि कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सगळेच कांदे सारखे कोंब धरत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर येणारा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, पण पातीसाठी उत्तम. आठवडाभरात जागा होतो. उन्हाळ कांदा मे-जूनमध्ये कितीही पाण्यावर ठेवा, मुळं येतील, पात हटून बसेल. त्याची झोप झालेली नसते. असा कांदा दोन-तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बाहेर काढला की लवकर फुटतो. त्याला वाटतं हिवाळा येऊन गेला. वरची मान आडवी कापून टाकली, म्हणजे कांद्याचा वरचा चतकोर, तर कोंबाला वाट सोपी होते. सुके पापुद्रे काढून टाकायचे, काळी बुरशी त्यांच्याखालीच असते.

खिडकी पूर्वेची असावी. माझी पश्चिमेची आहे, लोखंडी जाळीची, समोर सहा मजली इमारत. दुपारी दोन ते साडेचार ऊन. त्यात होतं, पण पात थोडी फिकी, लांब आणि लोळणारी येते. वावरातल्या पातीसारखी निळसर झाक, तो मेणासारखा लेप, घरात येत नाही. डबे दर दोन दिवसांनी फिरवले नाहीत तर सगळी पात एकाच बाजूला माना वळवून उभी राहते. फुलकिडे घरातही येतात. पातीवर चंदेरी पांढरे ओरखडे दिसले की ओळखायचं. मी औषध मारत नाही. नळाखाली पात धुते, आणि जास्तच असलं तर तो कांदा बाहेर.

कापताना बाहेरची, मोठी पात आधी घ्यायची, मधली कोवळी राहू द्यायची. मानेवर दोन बोटं ठेवून कापायचं. मध्यम कांद्याची पहिली कापणी वीस-पंचवीस ग्रॅमची, दुसरी पंधराची, तिसरी त्याहून कमी. तीन कापण्यांनंतर पाण्यावरचा कांदा संपतो. हे मी काट्यावर मोजून वहीत लिहिलेलं आहे. डबेवालीच्या घरात सगळं काट्यावरच होतं.

म्हणून पातीची भाजी खिडकीतून होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ३४ डब्यांना पातीची भाजी द्यायची तर तीन किलो पात लागते, ती बाजारातूनच येते आणि येईल. कुणी खिडकीत शेती करून बाजारखर्च वाचवायला निघालं असेल तर त्याने तो विचार सोडावा. खिडकीची पात वरून घालायची. पिठल्यावर, मुगाच्या आमटीवर, अंडाभुर्जीवर, भरितावर. एका डब्याला तीन ग्रॅम, चिमूटभर. ३४ डब्यांना शंभर ग्रॅम. आठवड्यातून दोनदा देते, त्यासाठी सोळा-अठरा कांदे सतत फिरते ठेवावे लागतात: काही मुळं धरतायत, काही पहिल्या कापणीला आलेत, काही शेवटच्या. पावसाळ्यात बाजारातली जुडी आणायची तर अर्धी पात पिवळी, आतून चिकट झालेली. निवडण्यातच वेळ जातो. माझी पात डबा भरायच्या पाच मिनिटं आधी कापलेली असते. झाकण उघडल्यावर तिचा वास आधी येतो. दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक मुलगी, खानदेशातली, भरिताच्या डब्यात नेहमी पात जास्त मागते. तिच्या डब्यात मी सहा ग्रॅम घालते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ३४ डब्यांचे सहा राहिले. मुलं गावी गेली होती किंवा अडकली होती. मी नुकतीच गोणी आणलेली. तो उन्हाळा मी कांद्याकडे बघत काढला. सहा डबे करून दिवस संपत नाही. तेव्हा वेळ होता म्हणून मी एकेक कांदा पाण्यातून काढून, कापून आत काय होतं ते बघितलं. मुलगी नववीत होती. शाळेच्या पुस्तकात कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा प्रयोग असतो, तो ऑनलाइन वर्गात नुसताच चित्रावर उरकला होता. आम्ही दोघींनी कांदा उभा चिरला. बुडाशी एक चपटी तबकडी दिसते, तेच त्याचं खोड. बाकी सगळे थर म्हणजे पानांची बुडं, अन्न साठवून जाड झालेली. मधोमध कोवळा कोंब. म्हणजे आपण कांदा म्हणून खातो तीही पानंच, आणि पात हा त्याच पानांच्या घरातला पुढचा जन्म. मी पंधरा वर्षं कांदा निवडला, वीस वर्षं चिरला, आणि हे मला माझ्या मुलीच्या पुस्तकातून कळलं. फार हुरूप आला त्या दिवशी.

पण त्याच वेळी दुसरी गोष्टही दिसली. पहिल्या दिवशीचा कांदा आणि तीन कापण्यांनंतरचा कांदा मी शेजारी ठेवून चिरले. दुसऱ्याचे बाहेरचे थर कागदासारखे झाले होते, दाबलं की बोट आत जात होतं. पाण्याने त्याला पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं. कांदा स्वतःला खाऊन पात वाढवत होता. तेव्हा आण्णांचं बोलणं कमी का व्हायचं ते मला नीट समजलं. कोंब बोटभर वर आला तेव्हा त्याच्या वजनाचा एक भाग आधीच गेलेला असतो. क्विंटलवर विकणाऱ्या माणसाला तो कोंब म्हणजे काट्यावरून पळालेले पैसे. माझ्याकडे तो वजनातून जाऊन पातीत येतो आणि मी पातही वापरते, उरलेला कांदाही वाटणात घालते. माझं काही जात नाही, कारण मी तो विकत नाही. त्यांचं खरंच जात होतं. खिडकीत चार हिरव्या पाती आल्या म्हणून मी त्यांना "बघा, कोंबाचाही उपयोग होतो" असं कधी म्हणणार नव्हते. चाळीतल्या टनभर खादीपुढे माझे सोळा डबे म्हणजे काहीच नव्हेत.

पाण्यातला कांदा उपाशी राहतो, म्हणून मग मातीकडे वळले. सहा इंच खोल ट्रे पुरतो. कांद्याची मुळं खोल जात नाहीत. माती, कोकोपीट आणि जुनं शेणखत. मुळं फुटलेला कांदा मातीत लावला की दोन-अडीच महिने पात देतो आणि पातीला रंगही चांगला येतो. थंडीत लावलेल्या दोघा-तिघांनी डोंगळे काढले, म्हणजे मधून जाड पोकळ दांडा आणि टोकाला फुलाचा चेंडू. आमच्याकडे बियाण्यासाठी मुद्दाम कांदे लावून असे डोंगळे धरतात. पातीसाठी मात्र डोंगळा आला की त्या कांद्याचं काम संपलं. पण मुलीने तो तोडू दिला नाही. महिनाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढरा गोंडा उभा होता, आणि तिथवर मधमाश्या आल्या.

जानेवारी २०२१ मध्ये भावाने गावाहून मूठभर उळे पाठवले. शहरात बी म्हणतील, आमच्याकडे उळेच. काळे, कोनदार, मोहरीपेक्षा थोडे मोठे. जुने उळे उगवत नाहीत, वर्षभरातच त्यांचा जीव जातो, म्हणून त्याने ताजे, त्या हंगामाचे पाठवले होते. दोन ट्रेमध्ये दाट पेरले. आठव्या दिवशी वर आले ते वाकूनच. कांद्याचं रोप सरळ उगवत नाही. मधून दुमडलेला हिरवा दोरा आधी मातीबाहेर येतो, मग टोक सुटतं, आणि त्या टोकावर काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. गादीवाफ्यावर अशी हजारो रोपं मी लहानपणी पाहिली होती, पण उभ्याने. इतक्या जवळून, रोज सकाळी चहा हातात घेऊन, कधी नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी, सुईसारखी पात मिळाली. तिची चव कांद्यावर आलेल्या पातीपेक्षा नाजूक, तिखटपणा कमी. कोशिंबिरीत ती सुंदर लागते. एप्रिल लागला आणि पात वाढायची थांबली. टोकं पिवळी, माना जाड. मी खत दिलं, पाणी वाढवलं, काही होईना. शेवटी आण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कांदा धरलाय का बघ." माती बाजूला केली तर बोराएवढे कांदे. गुलाबी, गोल, पूर्ण. ते म्हणाले, "दिवस मोठा झाला, उन्हाळा लागला, का तो पोसायला लागतो. दाट पेरला म्हणून बारीक राहिला. तो पातीच्या नादातून निघालाय आता." मग त्यांनी अर्धा तास सांगितलं: कुठल्या महिन्यात टाकलेले उळे काय करतात, खरिपाचं रोप का वेगळं, त्यांच्या वडिलांनी विहीर पडायच्या आधी पहिल्यांदा कांदा कसा केला. आई गेल्यानंतरच्या दीड वर्षात ते इतकं बोलले नव्हते. ते बोराएवढे कांदे मी अख्खे आमटीत टाकले आणि त्या दिवशी प्रत्येक डब्यात तीन-तीन दिले.

त्याच्या पुढल्या वर्षी चंपाषष्ठीच्या आधी आण्णा आमच्याकडे आठवडाभर राहायला आले. पहिल्या दिवशी खिडकीशी गेले, डबे बघितले, एक झाकण उचलून मुळं बघितली. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पाणी बदलत होत्या तर ते शेजारी उभे राहून म्हणाले, "ताई, थोडं कमी भरा. मुळाला हवा बी लागते." सासूबाईंनी तांब्या त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून आठवडाभर ते काम त्यांचं.

चंपाषष्ठीला पहाटे चार वाजता वांगी भाजायला घेतली. बाजरीचे रोडगे, भरीत, पातीचा कांदा, लसूण. नैवेद्याची पात खिडकीतली. आण्णांनीच कापली, कात्री न घेता, नखाने खुडून, जशी आई खुडायची. नैवेद्य झाल्यावर सासूबाईंनी जवळजवळ पाच महिन्यांनी भरिताबरोबर पात खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. आण्णांच्या ताटात पात वाढताना माझा हात थांबला. त्यांनी ताट पुढे केलं.

दुपारी डबे गेल्यावर मी गोणी निवडायला बसले. लाल कांदा, नुकताच आणलेला. आण्णा समोर येऊन बसले, गुडघ्यावर हात टेकवत. त्यांचा अंगठा अजून तसाच चालतो, मान दाबायची, बूड फिरवायचं. चांगला, गोल्टी, खाद. तीन ढीग पडू लागले. मग कोंबाचा पहिला कांदा हाताला आला. त्यांनी तो खादीच्या ढिगाकडे नेला आणि मध्येच थांबवला. माझ्या पायाशी, फरशीवर, वेगळा ठेवला. दुसरा आला, तोही त्याच्याशेजारी. तिसरा.

"हे तुझे," ते म्हणाले.

मी उठले आणि श्रीखंडाचे डबे धुवायला घेतले.